एकच चूक करणारा माणूस

१

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत जलमित्र कंट्रोल्स नावाचा एक छोटा कारखाना होता. शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, तिथल्या एका तक्त्यातून 'एक' हा आकडा नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. कुलपं शाबूत होती, कपाटं जागच्या जागी होती, कागदही सगळे होते. तरी दोन दिवसांनी, बुधवारी, मालक विजयसिंह घाडग्यांनी कचेरीचं दार लावून घेतलं आणि सोमनाथअप्पा देवकात्यांना आणायला जीप पाठवली.

अप्पा काही पोलिसातले नव्हेत. तीस वर्षं त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांवर देखरेख केली होती. शेतातला ठरावीक तुकडा कापायचा, दाणे वजन करायचे आणि आकडा लिहायचा, यात त्यांची हयात गेली. शेतात न जाता झाडाखाली बसून लिहिलेला आकडा अप्पांना वासावरून कळतो, असं लोक म्हणत. एकदा एका गावचे सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपत होते, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं की तराजू पिशवीतून बाहेरच निघालेला नाही. तेव्हापासून त्यांचा दरारा. निवृत्त झाल्यावर ते शेंगदाणेसुद्धा मोजून खातात अशी त्यांच्या सूनबाईंची तक्रार होती, आणि ती अगदी खरी होती.

विजयसिंहांनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. माणूस खरोखर दुखावलेला दिसत होता.

हकीकत अशी. कारखान्यात ठिबकचं पाणी ठरल्या वेळी सोडणारी आणि बंद करणारी पॅनेलं बनत. वीज कधीही येते, शेतकऱ्यानं वेळ लावून ठेवायची आणि निवांत झोपायचं, अशी कल्पना. जुनं पॅनेल संभाजी काळे या अनुभवी मेस्त्रीनं केलेलं. त्याला बारा बटणं. यंत्र पक्कं, दहा वर्षं बिघडणार नाही असं. तक्रार एवढीच, की ते कुणाला वापरताच येत नव्हतं. म्हणून विजयसिंहांनी जळोचीच्या प्रियदर्शनी ओव्हाळ या मुलीला नोकरीवर घेतलं. तिनं चार बटणांचं, चित्रांचं नवं पॅनेल केलं. संभाजीनं त्याला खेळणं म्हटलं. प्रियदर्शनी वाद घालत बसली नाही. तुम्हाला काय आवडतं आणि मला काय आवडतं यावर ठरवायचं नाही, मोजून ठरवू, असं ती म्हणाली.

मोजायची तिची रीत साधी होती. बारामतीत चाळीस शेतकरी आणि इंदापुरात चाळीस. प्रत्येकाला एकच काम: सकाळी सहाला पाणी सुरू, आठला बंद, एवढं लावून दाखवा. प्रत्येकानं दोन्ही पॅनेलं वापरायची. निम्म्यांनी जुनं आधी, निम्म्यांनी नवं आधी, म्हणजे सरावाचा फायदा कुणा एका पॅनेलला मिळायला नको. किती सेकंद लागले आणि किती वेळा चुकीचं बटण दाबलं, एवढंच लिहायचं.

विजयसिंहांनी नव्या पॅनेलचा तक्ता पुढे सरकवला. बारामतीत बारा जण बिनचूक, पंधरा जणांची एक चूक, आठ जणांच्या दोन, चौघांच्या तीन, एकाच्या चार. इंदापुरात सत्तावीस जण बिनचूक. एक चूक, कुणाचीच नाही. दोन चुका आठ जणांच्या, तीन चौघांच्या, चार एकाच्या.

"संभाजीच्या ध्यानात आलं हे," विजयसिंह म्हणाले. "दोन चुका करणारा हाय, तीन करणारा हाय, आन् एकच चूक करणारा एक माणूस अख्ख्या इंदापुरात न्हाय? पोरीनं एक पुसून शून्य केलेत, अप्पा. आपलं पॅनेल निवडावं म्हणून. शनिवारी द्राक्षवाल्यांच्या संघाची माणसं निवड करायला येणार आहेत. तोवर खुलासा दे, न्हायतर राजीनामा, असं मी तिला सांगितलंय."

त्यांचा आवाज खाली आला. ती मुलगी त्यांना पोटच्या पोरीसारखी वाटत होती हे अप्पांना न सांगताच कळलं.

अप्पांनी तक्ता वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हा झाला नव्या पॅनेलचा. जुन्याचा कुठं हाय?"

तो कुणी पाहिलाच नव्हता. शोधाशोध करून कागद निघाला. अप्पांनी इंदापूरच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि थांबवलं. बिनचूक नऊ, दोन चुका दहा, तीन अकरा, चार किंवा जास्त दहा. मधल्या जागी शून्य.

जुन्या पॅनेलमधूनही 'एक' गेला होता.

२

खोटं करणारा माणूस आपल्या बाजूनं खोटं करतो, एवढी अक्कल अप्पांना पीक कापणीनं दिली होती. प्रियदर्शनीनं आपल्या पॅनेलच्या चुका पुसल्या असत्या तर संभाजीच्याही कशाला पुसल्या असत्या? बारामतीत जुन्या पॅनेलवर जेमतेम दोघं बिनचूक निघाले होते, इंदापुरात नऊ. म्हणजे चोरानं दोघांवरही सारखीच मेहरबानी केली होती.

त्यांनी आधी संभाजीला बोलावलं. इंदापूरला दोन्ही पॅनेलं जीपनं नेली त्यानंच, आणि भरलेले कागद दुसऱ्या दिवसापर्यंत जीपच्या खणात राहिले तेही त्याच्याच ताब्यात. पोरीला घालवायचं मनात असतं तर त्याच्याइतकी संधी कुणालाच नव्हती. पन्नाशीचा, दणकट माणूस. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. आपण कागदाला हात लावला नाही, एवढं त्यानं तीनदा सांगितलं.

माणसं कशी चुकत होती ते तू पाहिलं असशील, अप्पांनी विचारलं.  आपण पाहिलं नाही, असं संभाजी म्हणाला. दिवसभर बाजार समितीच्या आवारात होतास आणि पाहिलं नाहीस, हे कसं? तेव्हा तो खुर्चीवर बसला.

"पयलाच मानूस माझ्या पॅनेलवर बसला," तो म्हणाला, "आन् मिन्टभर नुसता बघतच राह्यला. बटनावर बोट न्यायचा आन् परत घ्यायचा. डाळिंबाची धा एकरं बाग करनारा बाप्या, त्यो माझ्यापायी लाजला. मी उठून जीपमदी जाऊन बसलो, अप्पा. सांजंपर्यंत तितंच व्हतो."

हे सांगताना त्यानं मान वर केली नाही. अप्पांना त्या क्षणी त्याची दया आली. एखाद्यानं बारा वर्षं जीव ओतून केलेली वस्तू लोकांना छळते आहे, हे डोळ्यांनी पाहणं सोपं नसतं. मनात आकस असेल त्याच्या, पण असं लाजून बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, असं अप्पांनी ठरवलं.

प्रियदर्शनी आली ती ताठ. दोन रात्री नीट झोप झाली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं. इंदापूरला आपण नव्हतोच, त्या दिवशी ताप होता, असं तिनं सांगितलं. चुका मोजायला तिनं तिथल्या बिरूतात्या नावाच्या म्हाताऱ्याला आधीच तयार केलं होतं. शेतकऱ्यांना तात्या ओळखीचे. अनोळखी बाई शेजारी बसली तर माणसं बावरतात. तात्यांनी शेजारी बसून चुका मोठ्यानं मोजायच्या, आणि कचेरीतल्या अंजलीनं मागच्या टेबलावर बसून घड्याळ लावायचं आणि लिहायचं. बारामतीत तिनं स्वतः मोजलं होतं आणि अंजलीनंच लिहिलं होतं.

"कागद आल्यावर तुझ्या हातात आले. तू काही बदललं नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, मला तर तोच आकडा सगळ्यात जास्त हवा होता." ती पहिल्यांदाच थोडी मोकळी झाली. "चार चुका करणारा माणूस पार हरवलेला असतो, त्याच्याकडून काही कळत नाही. एकच चूक करणाऱ्याला बाकी सगळं समजलेलं असतं, फक्त एका जागी त्याचा पाय अडखळतो. ती जागा कुठली ते त्याच्यामुळं सापडतं. मी एक पुसले असते तर माझंच काम पुसलं असतं."

पाठ करून आलेली मुलगी असं बोलत नाही. तिनं पर्समधून एक पाकीट काढून अप्पांना दाखवलं. राजीनामा लिहून तयार होता.

"शनिवारपर्यंत काही निघालं नाही तर देणार," ती म्हणाली. "पण खोटे आकडे करून गेली, हे मागं राहील. जळोचीत माझ्या वडलांना लोक विचारतील, पोरगी घरी का बसली. त्यांनी काय सांगायचं?"

 अप्पांनी मूळ कागद मागितले आणि ते खिडकीपाशी उजेडात धरले. खाडाखोड शोधायला भिंग लागलंच नाही. सगळे आकडे बॉलपेननं लिहिलेले होते, निळ्या शाईत, आणि चाळीसच्या चाळीस ओळींत एकही जागा खरवडलेली नव्हती. ती शून्यं पहिल्यापासूनच शून्यं होती.

३

मग उरली अंजली. टंकलेखन करणारी, माहेर इंदूरचं, लग्न होऊन बारामतीत आल्याला दीड वर्ष. गोड बोलणारी, नीटनेटकी. पण घाबरलेली इतकी, की अप्पांनी विचारायच्या आधीच तिनं आपण काही केलं नाही असं सांगून टाकलं.

अप्पांनी तिला आधी इंदूरच्या पोह्यांबद्दल विचारलं. दोघांनी पोह्यांवर चांगली पाच मिनिटं घालवली. मग हळूच ते त्या दिवसावर आले.

झाडाखाली बसून अंदाजानं तर नाही ना भरलेस, असं त्यांनी सरळच विचारलं. ती दुखावली. सेकंद बघा म्हणाली, प्रत्येकाचे वेगळे आहेत. असे आकडे मला सुचणार तरी कसे? प्रियदर्शनीनं तिला सांगून ठेवलं होतं, की तात्या चुका मोठ्यानं मोजतील, माणूस उठला की तू शेवटी ऐकलेला आकडा लिही. काहीच आकडा ऐकला नाही तर शून्य लिही. तिनं तंतोतंत तेच केलं होतं.

"तात्या कुणाची गय तर करत नव्हते?" अप्पांनी विचारलं.

"गय नाही, पण स्वभाव फार मायाळू आहे त्यांचा," अंजली म्हणाली. "माणूस चुकला तरी रागवायचे नाहीत. उलट लाभ म्हणायचे, धीर द्यायला. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. आमच्याकडे कुणी चुकलं तर ओरडतात."

अप्पांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या वेळी त्यांचं डोकं सेकंदांत गुंतलं होतं, आणि आपण काय ऐकलं ते त्यांच्या कानांनी मनापर्यंत पोचवलंच नाही. पुढं ही गोष्ट सांगताना ते स्वतःच कान धरत असत.

सेकंदांत मात्र त्यांना हवं ते सापडलं. दुपारभर ते कागद घेऊन एका टेबलाशी बसले. विजयसिंहांनी नुसती सरासरी काढली होती. सरासरी म्हणजे पांघरूण, असं अप्पा म्हणत. खाली किती जण झोपलेत ते तिच्यावरून कळत नाही. त्यांनी पांघरूण काढलं. आधी बारामती. नव्या पॅनेलवर बिनचूक माणसाला अठरा ते चोवीस सेकंद लागत होते. एक चूक करणाऱ्याला एकतीस ते चाळीस. कारण चुकायचं, थबकायचं, मागं यायचं, पुन्हा दाबायचं, याला वेळ जातोच.

मग त्यांनी इंदापूरची ती सत्तावीस बिनचूक माणसं घेतली आणि त्यांचे सेकंद चढत्या क्रमानं लिहून काढले. अठरा, एकोणीस, एकोणीस, वीस... चोवीस. इथं अकरा माणसं झाली. पुढचा आकडा पंचवीस असायला हवा होता. तो होता एकतीस. तिथून चाळीसपर्यंत सोळा माणसं.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. सत्तावीस माणसांचे सरळसरळ दोन ढीग पडले होते. त्यातल्या सोळा जणांनी एकेक चूक नक्की केली होती. ती चूक डोळ्यांदेखत घडली, घड्याळानं पकडली, आणि कागदावर मात्र शून्य उमटलं. अंजलीनं ऐकलं तेच लिहिलं असेल, तर त्या सोळा चुका बिरूतात्यांच्या तोंडातून बाहेरच पडल्या नव्हत्या.

४

गुरुवारी सकाळच्या एसटीनं अप्पा इंदापूरला गेले. वाटेत त्यांनी मनाशी उत्तर पक्कं केलं होतं. पहिली चूक माफ, असा म्हाताऱ्याचा कनवाळूपणा असणार. त्या मायेपायी एका पोरीची नोकरी चालली आहे, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

बिरूतात्या बाजार समितीच्या आवारात भिंतीलगतच्या सावलीत सापडले. वय पंच्याहत्तरच्या पुढं, डोक्याला तांबडा पटका, नजर अजून घारीची. तात्या जन्माचे मापाडी. वजनकाटे यायच्या आधी या आवारातलं सगळं धान्य त्यांच्या हातच्या मापातून गेलं होतं. समोर फुलाबाई नावाची एक बाई ज्वारीचं पोतं सोडून बसली होती. शेजारणीला घरगुती दाणे द्यायचे तर तिला अजून तात्यांचंच माप लागायचं.

अप्पांनी नाव सांगितलं, काम सांगितलं. मग बेतानं विचारलं, की तात्या, त्या दिवशी पहिली चूक सोडून तर देत नव्हता ना?

तात्यांच्या हातातलं माप तिथंच थांबलं.

"सोडू?" ते म्हणाले. "पन्नास वर्सं मोजतोय मी हितं. दान्याला दाना हिशोब दिला. यापाऱ्याचा सोडला न्हाय, कुनब्याचा सोडला न्हाय. त्या पोरीनं मला सांगितलं व्हतं, तात्या, बोट चुकीच्या बटनावर गेलं की मोजा. मी सम्दी मोजली. पयल्यापास्नं मोजली."

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतः तीस वर्षं मोजण्यात घालवलेल्या माणसानं दुसऱ्या मोजणाऱ्यावर संशय घेतला होता. माफी मागावी म्हणून ते तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी रागारागानं माप ज्वारीत खुपसलं, शिगोशीग भरलं, शेजारणीसाठी ठेवलेल्या पिशवीत ओतलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "लाभ."

दुसरं माप पडलं. "दोन." तिसरं पडलं. "तीन."

अप्पा मापाजवळ सरकले.

लहानपणापासून हजार वेळा ऐकलेली गोष्ट. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ, दोन, तीन, चार, असंच मोजतात. कुणब्याघरच्या पोराला हे शिकवावं लागत नाही, म्हणून कुणी कुणाला सांगतही नाही. अप्पांना काल अंजलीच्या तोंडून हा शब्द ऐकूनही कळलं नव्हतं, कारण बटणांच्या कामात खळं येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तात्या," त्यांनी विचारलं, "त्या बटनांच्या चुकासुदिक तुमी अशाच मोजल्या?"

"मग कशा मोजायच्या?" तात्यांना प्रश्नच समजला नाही. "पयल्याला लाभच म्हंत्यात. येक म्हनून जीभ उचलत न्हाय माझी."

अप्पांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मागं बसलेली पोरगी लांबून आलेली, तिला हे माहीत नाही. ज्याची एकच चूक झाली त्याच्या नावापुढं तुम्ही लाभ म्हणालात. तिला वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय, आकडा तर ऐकला नाही, म्हणून तिनं शून्य लिहिलं. ज्याच्या दोन झाल्या त्याला तुम्ही पुढं दोन म्हणालात, ते तिनं बरोबर लिहिलं.

 फुलाबाईच हसायला लागली होती, पण तात्यांचा चेहरा पाहून ती थांबली.

"म्हंजी माझ्या तोंडानं पोर बुडाली," ते म्हणाले.

कुणी बुडालं नाही, अप्पा म्हणाले, पण एक सांगा. ज्यांची एकच चूक झाली ते कुठं चुकत होते, ध्यानात आहे का? सगळ्यांचं नाही तरी बऱ्याच जणांचं असेल.

तात्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "थेंब," ते म्हणाले. "त्या पोरीनं बटनावर पान्याचा थेंब काढलाय. तिच्या मनानं त्ये बटन म्हंजी किती वेळ पानी द्यायचं त्ये इचारनारं. पर मानूस बसला की आदी त्योच दाबायचा. थेंब हाय म्हंजी दाबला की पानी येनार, आसंच वाटायचं बगा सम्द्यांस्नी. मलाबी तसंच वाटलं व्हतं."

५

शुक्रवारी सकाळी अप्पांनी सगळ्यांना विजयसिंहांच्या कचेरीत बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. बोलायला त्यांना आवडायचंच, त्यामुळं थोडं लांबलं. सोळा माणसं शून्यातून उचलून एकच्या घरात ठेवली, की इंदापूरच्या नव्या पॅनेलवरच्या चुका होतात अठ्ठेचाळीस. बारामतीच्या सत्तेचाळीस. दोन गावांतली माणसं सारखीच शहाणी आणि सारखीच चुकणारी निघतात. जुन्या पॅनेलच्या नऊ बिनचूकांचेही सेकंदांवरून असेच दोन ढीग पडतात, दोन आणि सात. चोरी कुणीच केलेली नाही. खळ्यावर एकला लाभ म्हणतात, एवढंच झालं.

अंजली ओंजळीत तोंड लपवून बसली. आपल्यामुळं झालं, असं ती पुटपुटली. प्रियदर्शनी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू मी सांगितलं तेच केलंस," ती म्हणाली. "शेवटी ऐकलेला आकडा लिही म्हणाले. लाभ हाही आकडा आहे, हे मी तुला कुठं सांगितलं? मी तिथं असते तर पहिल्याच माणसाला कळलं असतं. चूक माझ्या सांगण्यातली आहे."

विजयसिंहांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा चार दिवसांचा ताण उतरला, आणि तो उतरताच त्यांच्यातला कारखानदार जागा झाला.

"म्हणजे खोटं कुणी केलेलं नाही," ते म्हणाले. "मग तक्ता हाय तसाच राहू दे की. सत्तावीस माणसं बिनचूक. कागद खरे, सही खरी, ऐकण्यात फरक पडला त्याला आपण काय करणार? उद्या संघाची माणसं हे बघून खूश होतील. पॅनेल तुझंच जाणार हाय, पोरी."

 अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. आता काय होईल ते त्यांना आकड्यांवरून सांगता येण्यासारखं नव्हतं.

प्रियदर्शनीनं पर्समधून ते पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुम्ही मागितलं होतं म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "आता मी आपण होऊन देते. तो तक्ता जाणार असेल तर हे ठेवून घ्या."

"अगं, तुझ्या भल्याचंच बोलतोय मी."

"सोळा माणसांनी एकच बटण चुकीचं दाबलं, दादा. माझ्या थेंबाचं बटण. इथं चुकले तर आपण हसून पुन्हा दाबा म्हणतो. शेतात चुकले तर झोपेत पाणी सुटेल आणि मुळं कुजतील. ती माणसं सत्तावीसमध्ये लपवली तर मला तो थेंब बदलायलाच नको. मग मी मोजलं कशाला?"

तिचा शब्द एकही अडखळला नाही. तिला ही नोकरी हवी होती, खूप हवी होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

बोलला तो संभाजी. आठ दिवस द्या, म्हणाला. थेंब काढून तिथं घड्याळाचा काटा घालू, साचा मी स्वतः बसून करतो. मग दोन्ही गावांत पुन्हा मोजू. आणि प्रियदर्शनीकडं न बघता त्यानं पुढं जोडलं, की या येळंला मी जीपमदी बसनार न्हाय.

विजयसिंहांनी पाकीट उघडलं नाही.  त्यांनी ते उचललं आणि प्रियदर्शनीच्या हातात परत दिलं.

"अंजली, नवा तक्ता टाइप करा," ते म्हणाले. "बिनचूक अकरा. एक चूक, सोळा. खाली लिहा की सोळाच्या सोळा जण कुठं चुकले, आन् पॅनेल आठ दिवसांनी दुरुस्त होऊन येईल." मग ते प्रियदर्शनीकडं वळले, आणि त्यांना बोलायला जड गेलं. "उद्या संघाच्या माणसांना तो तूच समजावून सांग. चार दिवस मी या तोंडानं तुला लबाड म्हणत होतो. त्याच तोंडानं तुझे आकडे खरे हायेत, हे सांगायला मी उभा राहिलो, तर माझं कोण ऐकंल?"

प्रियदर्शनीनं हो म्हटलं. मग ती खुर्चीत बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, मनसोक्त रडली.